मतं मागण्याचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. निम्मे प्रश्न इतिहासाचे असतात आणि निम्मे ‘हे चालतं का हो?’ या जातीचे. दोन्ही इथे एकत्रच ठेवले आहेत, कारण आजचा जवळजवळ प्रत्येक नियम हे काल कुणीतरी लढवलेल्या शक्कलीला दिलेलं उत्तर आहे. भर महाराष्ट्र आणि गोव्यावर आहे. नियमांची उत्तरं लोकसभा-विधानसभेची धरावीत. ग्रामपंचायतीचं वेगळं सांगितलं आहे.

1. प्रचाराला सुरुवात 1952 पासूनच झाली ना?

नाही. त्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधीपासून मुंबईत मतं मागितली जात होती. 1872 च्या कायद्याने मुंबई महापालिकेच्या 64 सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले आणि 1873 मध्ये पहिली निवडणूक झाली. 1895 साली टिळक पुण्याच्या नगरपालिकेवर आणि मुंबई कायदे कौन्सिलवरही निवडून गेले. कौन्सिलसाठी मत देणारे होते स्थानिक बोर्डांचे सभासद, म्हणजे मोजकी माणसं. त्यांच्यापर्यंत पोहोचायला मैदान लागत नव्हतं. पत्रं, ओळखी आणि घरी जाऊन भेटी एवढ्यावर काम भागत असे.

डाव तेव्हाही खेळले जात. 1907 मध्ये काही बड्या इंग्रज अधिकाऱ्यांनी शहराचे वजनदार पुढारी फेरोजशहा मेहता यांना महापालिकेबाहेर ठेवण्यासाठी संगनमत करून मतांची जुळवाजुळव केली आणि शहर त्यावरून खवळलं.

टिळकांनी एप्रिल 1920 मध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढून त्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या निवडणूक जाहीरनाम्यांची वंशावळ काढायची तर तिथूनच काढावी लागते. त्याची परीक्षा मात्र झालीच नाही. 1 ऑगस्टला टिळक गेले आणि त्या वर्षीच्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला.

2. तेव्हा मतदार मूठभर होते, मग जाहीर सभा आणि जलसे कशासाठी?

सभेला येणाऱ्या बहुतेकांना मत नव्हतं हे खरं. पण ज्याच्याकडे मत होतं तो त्यांच्याच गावात, त्यांच्याच आळीत राहत होता. सत्यशोधक जलसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गावोगाव फिरत होते. 1920 नंतर ब्राह्मणेतर पक्ष निवडणुकीत उतरला तेव्हा त्याला व्यासपीठ आयतं मिळालं. गण, वग, सवाल-जवाब आणि मध्येच सावकारावर टोला, असा तो सगळा साज. आंबेडकरी जलसे पुढे याच वाटेने गेले.

1937 च्या प्रांतिक निवडणुकीपर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे 3 कोटींवर गेले होते आणि प्रचाराचं रूप पालटलं. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसने आपलं अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरवलं. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे त्यात प्रचाराचा भाग होताच. त्याच निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसने उभं केलं होतं पळवणकर बाळू यांना. 1911 चा इंग्लंड दौरा गाजवणारा गोलंदाज, दलित समाजातला पहिला मोठा क्रिकेटपटू. ख्यातनाम खेळाडूला तिकीट देण्याचा प्रकार आजचा नाही, हे यावरून कळावं. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225.

3. 1952 ला बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मग मत कसं द्यायचं हे शिकवलं कुणी?

निवडणूक आयोगाने शिकवलं आणि पक्षांनीही, पण दोघांचे हेतू वेगळे होते. पहिली सार्वत्रिक निवडणूक 25 ऑक्टोबर 1951 ते 21 फेब्रुवारी 1952 अशी चालली. मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. मतदार सुमारे 17 कोटी 30 लाख आणि त्यातले बहुतांश निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवली गेली. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिका सगळ्यांना सारखीच. तिच्यावर काही लिहायचं नाही, शिक्का मारायचा नाही. आडोशामागे जायचं आणि हव्या त्या चिन्हाच्या पेटीत ती टाकायची. अशा बारा लाखांहून जास्त पेट्या एकट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या.

याचा प्रचारावर थेट परिणाम झाला. ‘आम्हाला मत द्या’ एवढं सांगून भागत नव्हतं. ‘आमच्या पेटीत मत टाका’ असं शिकवावं लागत होतं. मतदानाची रंगीत तालीम घेतली जाई. तरीही काहींनी पेटीलाच हात जोडले आणि मोजणीच्या वेळी पेट्यांतून फुलं, नाणी, चिठ्ठ्या निघाल्या.

बायकांच्या नावांचा घोळ वेगळाच. यादी करणाऱ्यांना कित्येक बायकांनी, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी ओळख दिली. सेन यांनी अशी सुमारे 28 लाख नावं यादीतून काढायला लावली. तेव्हा टीका झाली, पण पुढच्या खेपेला नावं सांगितली गेली.

4. बैलजोडी, गाय-वासरू, पंजा: चिन्हं बदलली कशी?

काँग्रेसची बैलजोडी 1969 च्या फुटीपर्यंत टिकली. इंदिरा गांधींच्या गटाने 1971 ची लोकसभा आणि 1972 ची विधानसभा गाय-वासरावर लढवली. जानेवारी 1978 मध्ये पुन्हा फूट पडली आणि पंजा आला. हा पंजा कोरा करकरीत नव्हता. 1952 ला हाताचं चिन्ह होतं नागपूरचे कामगार पुढारी रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाकडे, आणि गोव्यात 1963 ला युनायटेड गोवन्स पक्ष हातावरच लढला होता. समोर बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह.

बाकी मंडळी: जनसंघाची पणती, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, कम्युनिस्टांचं कणीस-विळा, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, शेकापचा खटारा, 1977 च्या जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी. शिवसेनेला धनुष्यबाण 1989 ला मिळाला. तोवर तिचे उमेदवार वेगवेगळ्या चिन्हांवर लढत.

फूट पडली की चिन्ह कुणाचं, हे 1968 च्या चिन्ह आदेशाखाली आयोग ठरवतो. ऑक्टोबर 2022 मध्ये धनुष्यबाण गोठवला गेला, एका गटाला मशाल आणि दुसऱ्याला ढाल-तलवार मिळाली, फेब्रुवारी 2023 मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला. वर्षभराने घड्याळाचं तसंच झालं. सारख्या दिसणाऱ्या चिन्हांच्या गोंधळासाठी प्रश्न 14 पाहा.

5. एकाच मतदाराला दोन मतं असायची असं आजोबा सांगतात. खरं आहे का? आणि ‘मतं कुजवणं’ म्हणजे काय?

आजोबा बरोबर सांगतात. 1952 आणि 1957 ला काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतं. दोन्ही मतं वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. पण दुसरं मत आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला जाईल असं वाटलं तर पक्ष सांगत, एकच मत वापरा, दुसरं वाया घालवा. यालाच मतं कुजवणं म्हणत.

1952 ला मुंबईत डॉ. आंबेडकर राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. त्यांचे समाजवादी जोडीदार अशोक मेहताही पडले. कम्युनिस्टांनी मतं कुजवण्याचा प्रचार केला असा आरोप करत दोघांनी डांग्यांविरुद्ध निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली.

या पद्धतीने आणखी एक चमत्कार घडवला. 1957 मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात सर्वाधिक मतं पडलेले दोन्ही उमेदवार अनुसूचित जमातीचे निघाले, एक राखीव जागेवर आणि दुसरा सर्वसाधारण जागेवर निवडून आला. घरी बसले व्ही. व्ही. गिरी, पुढचे राष्ट्रपती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल कायम राहिला. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले.

6. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळचा प्रचार इतका का सांगितला जातो?

कारण तिथे चळवळ कुठे संपली आणि प्रचार कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 पासून उभं होतं. डफ, तुणतुणं आणि खडा आवाज. गिरणगावातल्या चाळीच्या पटांगणात रात्री सुरू झालेला कार्यक्रम पहिल्या पाळीच्या भोंग्यापर्यंत रंगत असे. नोव्हेंबर 1956 मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केलं. सकाळी ‘मराठा’, संध्याकाळी शिवाजी पार्क किंवा कामगार मैदान. वाचणाऱ्याने चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी त्या अग्रलेखांची पोहोच होती.

1957 ला मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले. मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्यात सत्ता काँग्रेसकडेच राहिली, ती मुख्यतः गुजरात आणि विदर्भाच्या बळावर. 1960 ला राज्य मिळालं आणि 1962 ला काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या. समितीतल्या पक्षांना जोडणारा धागाच राहिला नव्हता. शाहीर तेच, मैदानं तीच, मागणी मात्र पुरी झालेली.

7. ‘ताई माई अक्का, विचार करा पक्का’ ही घोषणा मूळ कुणाची?

हा आम्हाला सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे. प्रत्येक पक्षाचा जुना कार्यकर्ता ती आपलीच असल्याचं छातीठोकपणे सांगतो. कर्ता सापडत नाही, पण वयाचा अंदाज घोषणेतच आहे. तिचा शेवट ‘अमक्यावर मारा शिक्का’ असा होतो. 1952 आणि 1957 ला शिक्काच नव्हता (प्रश्न 3). सगळ्या उमेदवारांची नावं असलेली एकच मतपत्रिका आणि फुलीचा शिक्का ही पद्धत 1962 पर्यंत सगळीकडे रुळली. तेव्हा ही घोषणा साठच्या दशकाआधीची असूच शकत नाही. मतदान यंत्रं आल्यावर ‘दाबा बटण’ची यमकं जुळवायचा प्रयत्न पुष्कळांनी केला, पण अक्काशी शिक्क्याएवढं काही जमलं नाही.

काही घोषणांचा पत्ता मात्र पक्का आहे. 1967 ला दक्षिण मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील यांना हरवणं अशक्य मानलं जात होतं. जॉर्ज फर्नांडिसांच्या लोकांनी भिंतीभिंतीवर एवढंच लिहिलं की तुम्ही पाटलांना पाडू शकता. उमेदवाराचं कौतुक नाही, आश्वासन नाही. सगळा भर मतदाराच्या ताकदीवर. आमच्या मते मुंबईतली ही सगळ्यांत हुशार प्रचारमोहीम. पाटील पडले. 1977 ला गोरेगावच्या ‘पाणीवाली बाई’ मृणाल गोरे लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, तेव्हा मुंबईत घुमत होतं: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’.

8. रंगवलेल्या भिंती, बिल्ले, कागदी पताका गेल्या कुठे?

भिंतीचं तंत्र असं: आधी चुन्याचा हात मारून कोपऱ्यात पक्षाचं नाव टाकायचं, म्हणजे भिंत अडली. मग पेंटर येऊन नीळ, गेरू, सरस कालवून चिन्ह काढायचा. मोक्याच्या भिंतीवरून हाणामाऱ्या व्हायच्या, आणि घरमालकाला विचारायची पद्धत नव्हतीच. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी नव्वदच्या दशकात याला चाप लावला. 1995 मध्ये महाराष्ट्राने मालमत्तेच्या विद्रुपीकरणाविरुद्ध कायदा केला. आता खासगी भिंतीवर काही लावायचं तर मालकाची लेखी परवानगी लागते आणि त्याचा खर्च हिशेबात जातो. पाठोपाठ फ्लेक्स आला. तो रात्रीत छापून होतो आणि त्यावर गल्लीतल्या वीस जणांचे फोटो मावतात. भिंतीवर ते शक्य नव्हतं, आणि फ्लेक्स टिकून राहण्याचं खरं कारण तेच आहे.

बिल्ले मात्र नियमाने मारले नाहीत. मोहीमच आखूड झाली. 1996 च्या दुरुस्तीने अर्ज माघारीचा दिवस आणि मतदान यांतलं किमान अंतर 20 दिवसांवरून 14 वर आलं. चौदा दिवसांत फेरी काढायची की बिल्ले वाटत बसायचं?

9. गोव्याचा 1967 चा कौल ही निवडणूकच नव्हती. मग प्रचार कसा झाला?

उमेदवार नव्हते, पण चिन्हं होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. प्रचार निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. सत्ता सोडून प्रचाराला उतरण्याचं असं उदाहरण पुन्हा शोधून सापडत नाही.

मराठी वाचकाला यात विशेष वाटावं ते असं की दोन्ही बाजूंची धारदार शस्त्रं मराठीतच होती. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, ‘राष्ट्रमत’ विरोधात. ‘राष्ट्रमत’मधलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक वाट पाहून वाचत. गावागावांत उल्हास बुयांव यांच्या आवाजातली कोंकणी गाणी. महाराष्ट्रातूनही पुढारी आणि कलावंत विलीनीकरणाच्या प्रचाराला गेले, पण बाहेरून आलेल्या माणसाने ‘आमच्यात या’ म्हणणं आणि शेजाऱ्याने ‘आपलं आपण राहू’ म्हणणं यांत फरक पडतोच. 16 जानेवारी 1967 ला दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मतं पडली. गंमत म्हणजे काही महिन्यांत झालेल्या निवडणुकीत गोव्याने पुन्हा बांदोडकरांनाच सत्ता दिली. कौल आणि निवडणूक यांत लोकांनी गल्लत केली नाही.

10. आचारसंहिता हा कायदा आहे का? मोडली तर तुरुंग होतो का?

कायदा नाही. केरळात 1960 च्या निवडणुकीवेळी पक्षांनी मिळून ठरवलेल्या पथ्यांतून ती वाढत गेली. सत्ताधारी पक्षाने काय करू नये हा भाग 1979 ला जोडला गेला. तोवर मंत्री सरकारी गाडीतून प्रचाराला जात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. शेषन डिसेंबर 1990 ते डिसेंबर 1996 मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी नवं काही लिहिलं नाही, लिहिलेलं पाळायला लावलं. हिमाचलचे राज्यपाल गुलशेर अहमद 1993 मध्ये मध्य प्रदेशात मुलाच्या प्रचाराला गेले तेव्हा त्या जागेची निवडणूक थांबवण्यापर्यंत मजल गेली आणि राज्यपालांना पद सोडावं लागलं.

तुरुंग होऊ शकतो तो आचारसंहितेतली जी गोष्ट दुसऱ्या एखाद्या कायद्यातही गुन्हा आहे तिच्यासाठी. पैसे वाटणं, धमकावणं, रात्री 10 नंतर भोंगा लावणं ही त्यातली नेहमीची.

11. खर्चाची मर्यादा आहे म्हणता, मग हेलिकॉप्टर कसं परवडतं?

मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. 1952 ला लोकसभेच्या एका जागेसाठी ती 25,000 रुपये होती. जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रात लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख आहे. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरा. संसदेने लगोलग कायदा बदलून हा निकाल निष्प्रभ केला. 2003 च्या दुरुस्तीने ती सूट आवरली. आता पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि ‘स्टार प्रचारकां’चा प्रवास एवढंच बाहेर राहतं. मान्यताप्राप्त पक्षाला असे 40 जण, इतरांना 20.

मेख पुढे आहे. स्टार प्रचारकाच्या व्यासपीठावर उमेदवार चढला किंवा त्याचं नाव घेतलं गेलं, की सभेचा खर्च त्याच्या अंगावर येतो. उमेदवार मंडपाबाहेर ताटकळताना दिसतो तो याच भीतीने. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचं दरपत्रक असतं. त्यात चहा, वडापाव, हार, खुर्ची, मांडव, ढोल सगळ्याला दर ठरलेला. उमेदवाराने चहा फुकटात मिळाला म्हटलं तरी तो त्या दरानेच लागतो. समाजमाध्यमांवरच्या पैसे देऊन केलेल्या जाहिरातीही यातच धरतात आणि त्या आधी तपासून घ्याव्या लागतात. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवता येतं.

12. प्रचार थांबल्यावर आमच्या दारात माणसं आली. हे बेकायदा नाही का?

प्रत्येक वेळी नाही. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत सभा, मिरवणूक, टीव्हीवरचा प्रचार, करमणुकीचा कार्यक्रम करून मतं मागणं यांना बंदी आहे. दोन-चार जणांनी शांतपणे दारोदार फिरणं बंद होत नाही. त्या दोन रात्रींना ‘कत्तल की रात’ म्हणतात ते दारावर नमस्कार होतो म्हणून नव्हे, पाकीट फिरतं म्हणून. ते मात्र कोणत्याही दिवशी गुन्हाच. बाहेरच्या मतदारसंघातून प्रचाराला आलेल्यांनी या काळात तिथे थांबायचं नसतं. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून 100 मीटरच्या आत मत मागणं हा वेगळा गुन्हा आहे आणि पक्षांचे चिठ्ठी देणारे टेबलही 100 मीटरच्या बाहेर हवेत (2025 पर्यंत ते 200 मीटरच्या बाहेर लागत).

13. सभेला गर्दी झाली म्हणजे मतं पडतात का? पावसातल्या सभेने निवडणूक खरंच फिरली का?

18 ऑक्टोबर 2019 ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. 21 ला मतदान झालं आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील मोठ्या फरकाने निवडून आले. मधल्या एका दिवसात जाहीर प्रचारही संपला होता. त्या सभेने किती मतं फिरली हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण पक्षाच्या कार्यकर्त्यांना शेवटचे दोन दिवस धावायला बळ मिळालं, आणि आमच्या मते सभेचं खरं गिऱ्हाईक मतदारापेक्षा कार्यकर्ताच असतो.

उलटं उदाहरण त्याच वर्षीच्या लोकसभेचं. मनसेचा एकही उमेदवार नव्हता. राज ठाकरे ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत मैदानं भरवत होते, राज्यभर चर्चा तीच. निकालात भाजप-शिवसेनेला 48 पैकी 41 जागा. या सभांचा खर्च कुणाच्या नावावर धरायचा, हाही वाद झाला. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी खर्च करणं गुन्हा आहे. पण ‘अमक्याला मत देऊ नका’ एवढंच म्हणणारा वक्ता नेमका कुणाचा, याला कायद्यात सरळ उत्तर नाही.

14. आमच्या उमेदवाराच्याच नावाचा दुसरा माणूस उभा केलाय. थांबवता येतं का?

नाही. नाव सारखं आहे म्हणून कुणाचा अर्ज बाद करता येत नाही. 2014 ला रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले. त्याच नावाच्या अपक्षाला 9,849 मतं होती. 2015 पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो येऊ लागला तो अशाच तक्रारींमुळे.

फोटोनेही सगळं भागत नाही. 2024 ला राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि काही अपक्षांना मिळालं होतं वाजवण्याचंच दुसरं वाद्य, ज्याला आयोगाच्या यादीत ‘तुतारी’ म्हटलं होतं आणि लोक म्हणत पिपाणी. दिंडोरीत अशा एका अपक्षाला लाखावर मतं गेली. पक्षाचा उमेदवार तरीही जिंकला. साताऱ्यात मात्र पिपाणीची मतं पराभवाच्या फरकापेक्षा जास्त निघाली. 1952 ला पेटी ओळखायला शिकवावं लागत होतं, इथे वाद्य ओळखायला शिकवावं लागलं.

15. धर्माच्या नावाने मत मागितलं तर निवडणूक रद्द होते ना? मग सगळे करतात कसं?

रद्द होते, पण कुणीतरी 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करून सिद्ध करावं लागतं. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून ती निवडणूक रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 ला ते कायम केलं आणि ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या प्रकरणात मात्र ‘महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल’ हे वाक्य मत मागणं नव्हे, नुसती आशा आहे, असं ठरून त्यांची आमदारकी वाचली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. वक्ते नेमके कुठे थांबतात ते कळेल. जानेवारी 2017 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावे केलेलं आवाहनही भ्रष्ट आचरण आहे.

16. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह का नसतं?

महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही, म्हणून कपबशी, शिट्टी, छत्री अशी मुक्त चिन्हं आणि ग्रामदैवताच्या नावाची पॅनल. निकालाच्या संध्याकाळी तीच पॅनल दोन-दोन पक्षांच्या यादीत ‘आमची’ म्हणून दिसतात. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तक्रारही तिकडेच करायची.

17. माळ्यावर जुनं प्रचारपत्रक सापडलं, साल छापलेलं नाही. कोणत्या निवडणुकीचं ते कसं ओळखू?

आधी क्रियापद पाहा. ‘पेटीत टाका’ असेल तर 1952 किंवा 1957. ‘शिक्का मारा’ असेल तर साठच्या दशकापासून पुढचं. ‘बटण दाबा’ असेल तर बहुधा 1999 नंतरचं. मग चिन्ह (प्रश्न 4). ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख 1960 च्या आधीचा. पत्रकाच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं 1961 च्या दुरुस्तीने सक्तीचं झालं, पण ते नसलं म्हणून पत्रक जुनंच असं समजू नका; निनावी पत्रकं आजही निघतात. छापखान्याच्या पत्त्यात पिनकोड असेल तर ते ऑगस्ट 1972 नंतरचं. मतदारसंघाचं नाव आज सापडत नसेल तर 2009 च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी, कारण तेव्हाच्या फेररचनेत कित्येक नावं पुसली गेली.

एवढ्यावर जमलं नाही तर पत्रकाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. कडा कापू नका आणि घडीवर चिकटपट्टी लावू नका.